हे बाळसे नव्हे!

समजा, बार्शीटाकळीच्या एखाद्या घरातली दहा वर्षांची मुलगी सांधे धरल्याने अंथरुणाला खिळली होती. औषध लागू पडले, ती हिंडूफिरू लागली, गालही वर आले. शेजारणी म्हणतात, "पोरीनं अंग धरलं हो!" वाळून काटकी झालेली लेक पुन्हापुन्हा भाकरी मागते, आईला आणखी काय हवे? पण मातांनो, तो गोल चेहरा पुष्कळदा औषधाचा असतो!

संधिवात हा केवळ म्हाताऱ्यांचा रोग नव्हे. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली सांध्यांची सूज सहा आठवडे हटली नाही आणि दुसरे कारण सापडले नाही, तर तो मुलांचा संधिवात समजतात. सूज फार असली की काही काळ स्टेरॉइड द्यावे लागते. या जातीचे पहिले औषध, कॉर्टिसोन, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी १९४८ साली संधिवाताच्या रोग्याला दिले आणि १९५० च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले. गुण मोठाच, पण हे औषध भूक भडकवते, चरबी गालांवर व पोटावर चढवते आणि फार दिवस चालले तर उंची खुंटवते.

त्यात आपली माया! "बस गं, दमशील," म्हणून मुलीला बसवून ठेवायचे आणि हातात फरसाणाची बशी द्यायची. स्नायू झिजतात, चरबी वाढते. काटा मात्र दोन्ही एकत्रच तोलतो. शिवाय चरबी स्वतःच दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते. गुडघे झिजलेल्या स्थूल प्रौढांच्या २००५ सालच्या एका पाहणीत, एक किलो वजन घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो, असे आढळले. कोवळ्या, सुजऱ्या गुडघ्याचा विचार आपणच करावा.

खरी भीती पुढेच आहे. शाळेत "जाडी" म्हणून चिडवले की चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गोळ्या गुपचूप मोरीत टाकते. स्टेरॉइड असे एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते, कारण तोवर शरीराने स्वतःचे तसले द्रव्य करणे कमी केलेले असते. तिला रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्झेटसारख्या औषधांच्या आधाराने स्टेरॉइड हळूहळू उतरवता येते.

घरात तिच्यासाठी वेगळे पथ्याचे ताट मांडू नये. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, ताक हे सगळ्यांनीच खावे. दिवाळीची करंजीही सगळ्यांबरोबर एक. आणि शाळेसाठी डॉक्टरांकडून कवायतीतून सुटीची चिठ्ठी मागण्याऐवजी, सायकल, पोहणे, चालणे यांतले काय व किती चालेल, ते लिहून मागावे.