पाण्यांत बंद पडलेलें इंजिन

ता. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें, तेव्हां अनेक मोटारी पाण्याखालीं गेल्या. इंजिन बंद असतां मोटार बुडाली तर इंजिन बहुधा वांचवितां येतें; चालत्या इंजिनानें पाणी ओढलें म्हणजे मात्र घात होतो.

सिलिंडरमध्यें दट्ट्या हवा दाबतो. पेट्रोल इंजिनांत सुमारें दहापट, डिझेल इंजिनांत १५ ते २० पट. हवा दबते, पाणी दबत नाहीं. दट्ट्या जागींच अडतो आणि त्यास जोडलेला कनेक्टिंग रॉड वांकतो. प्रसंगीं तुटून इंजिनाचें अंगहि फोडतो.

ट्रॅक्टर ओढ्यांतून गेला म्हणून मागून मोटार घालूं नये. मोटारीचें हवा ओढण्याचें तोंड बहुधा पुढच्या दिव्यांच्याच उंचीवर असतें.

गाडी पाण्यांत बंद पडल्यास चावी पुन्हां फिरवूं नये. पुष्कळ इंजिनें पहिल्या पाण्यानें न जातां या उतावळेपणानें जातात. गाडी ढकलून उंचवट्यावर आणावी, बॅटरीची तार सोडावी, आणि कारागिराकडून प्लग, डिझेल असल्यास इंजेक्टर, काढवून आंतलें पाणी निघेपर्यंत इंजिन हातानें फिरवून घ्यावें. ऑइल ताकासारखें पांढुरकें झालें असल्यास तें बदलावें.

अलिबाग-मुरुडकडील वाचकांस आणखी एक अडचण. खाडीचें पाणी खारें; तें सुकलें कीं मीठ राहून गंज चढतो. यास्तव गाडी त्वरित गोड्या पाण्यानें धुवावी.

विम्याविषयीं गैरसमज फार. अशी इंजिनाची मोडतोड साध्या विमापत्रांत बहुधा धरली जात नाहीं. त्यासाठीं इंजिन-संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि तिच्याहि अटी असतात. त्या मृगापूर्वींच वाचून घ्याव्यात.