घडवण्याआधी काय पाहावे?

समजा, आपल्या मालगुंडातल्या एका सुताराच्या मनात आले की, आंबे काढायचा चांगला झेला बनवावा. कुणी त्याला घळ म्हणतात. वेळूच्या टोकाला कडे आणि कड्याला जाळी, ही वस्तू तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. सुताराने वेळू आणले, कडी आणली, पन्नास झेले तयार केले. हंगाम आला नि गेला, पण झेले पडवीतच पडून! पैसे गेले, मेहनत गेली आणि दुकानदाराची उधारी डोक्यावर राहिली. हात तर कसबी होता. मग असे का व्हावे?

कारण त्याने काम मधूनच सुरू केले. नवी वस्तू करायची तर पहिली पायरी करवतीची नव्हे. पहिली पायरी शोधाची. ही वस्तू कोण हातात धरणार, कुठे वापरणार, आज त्याचे काय अडते, हे आधी नीट समजून घ्यायचे. मोठ्या कारखान्यांत या कामासाठी पगार देऊन माणसे ठेवतात. आपल्याला ते पायी फिरून करता येते.

म्हणून सुताराने आधी बागेत जावे. मालकाच्या ओटीवर नव्हे, झाडाखाली. कारण झेला मालक धरत नाही. धरतो तो गडी. एक पाय फांदीवर, एक हात फांदीला, आणि दुसऱ्या हातात लांब वेळू. टोकाला दोन-तीन आंबे आले की मनगटाला केवढी ओढ बसते, ते खालून दिसते. जाळी पानांत अडकते का, वेळू कुठे आखूड पडतो, तेही दिसते. मग घरी पेटी भरणाऱ्या बाईकडे जावे. आंबा ओढून काढला की देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो आणि साल भाजल्यासारखी काळी पडते. असा डागी आंबा बाजूला काढते तीच. गड्याला आंबा लवकर खाली यायला हवा, बाईला तो देठासकट हवा, मालकाला भाव हवा. तिघांचे ऐकल्याशिवाय झेला कसा करायचा ते कळत नाही.

विचारण्यातही एक रीत आहे. "नवा झेला करतोय, घ्याल ना?" असे विचारले तर आपला माणूस म्हणेल, "घेऊ की!" वर चहाही देईल. पण पैसे द्यायची वेळ आली की दिसणार नाही! तो खोटारडा नव्हे. समोरच्याचे मन मोडू नये म्हणून तसे बोलतो. त्यापेक्षा विचारावे, "काल किती आंबे जमिनीवर पडले? कसे पडले? शेवटचा झेला कधी मोडला, मग काय केलंत?" घडलेल्या गोष्टीविषयी विचारले की खरे ते बाहेर येते. आणि तासभर गप्प बसून पाहिले तर आणखी बरे. हाताला ज्या सवयी जडतात, त्या माणसाला तोंडाने सांगता येत नाहीत.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झाले. तिथे 'नूतन झेला' तयार झाला. त्याच्या कड्याला पाते आहे. पात्याने देठ कापला जातो आणि आंबा देठासकट जाळीत पडतो. ओढाओढ नाही. जाळी मोठी केली असती, वेळू गुळगुळीत केला असता, तरी चिकाचा डाग काही टळला नसता.

अडचण कधी वस्तूत नसते, माणसाच्या मनात असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला. नांगर कामाचा होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे तोच नांगर गाजला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पण ती दोन वर्षे त्यांनी कशी काढली असतील, याचा विचार करा. आणि हेही ध्यानात ठेवा की, देशावरच्या काळ्या जमिनीत चालणारा जड नांगर आपल्या भाताच्या चिखलात, लहान बैलांना झेपेलच असे नाही. तिकडे चालले म्हणून इकडे चालेल, हे धरून बसू नये.

सरकारने १९८३ साली सुधारलेल्या चुलींची योजना देशभर सुरू केली. धूर कमी व्हावा, लाकूड वाचावे, हा हेतू चांगला होता. लाखो घरांत चुली बसल्या. पण पुष्कळ चुली थोड्याच दिवसांत अडगळीत गेल्या, आणि २००२ साली योजना थांबली. रांधणारीला काय हवे असते? मोठे लाकूड न फोडता सारता यावे, मोठे भांडे बसावे, निखारा पुढे ओढून भाकरी शेकता यावी. हे चुलीपाशी बसल्याशिवाय कसे कळणार? बायांनो, पुढे कुणी असे काही घेऊन तुमच्या घरी आला तर नुसते "बरे आहे" म्हणू नका. त्याला बसवा आणि त्याच्यासमोर भाकरी करून दाखवा.

आपल्या सुताराने एवढे सगळे केले की मग एकच झेला करावा. जुन्या वेळूचा, ओबडधोबड असला तरी चालेल. तो गड्याला आठ दिवस वापरायला द्यावा. मोडला तर कुठे मोडला ते पाहावे. कदाचित गडी म्हणेल, "झेला आहे तो बरा आहे हो. पण भरलेले क्रेट घेऊन ही घाटी उतरताना कंबर मोडते!" मग सुताराने झेल्याचा नाद सोडावा, आणि त्या गड्याबरोबर एकदा घाटी उतरून पाहावी.