बिल्ल्याची पाठ

टोपीवरचा लष्करी बिल्ला समोरून पाहिला की पलटण ओळखू येते. तो केव्हा घडला, घाईत घडला की निवांतपणे, अस्सल की मागाहून केलेला, हे मात्र तो उलटा केल्यावरच कळतं.

ब्रिटिश शिपायांचे अनेक बिल्ले दोन धातूंचे असत: मुख्य भाग तांबूस पितळेचा आणि त्यावर निकेल मिसळलेल्या पांढऱ्या धातूची चित्रं किंवा पट्ट्या. पोलादी ठशाखाली पत्रा दाबून दोन्ही भाग वेगवेगळे काढायचे आणि मग डाक देऊन जोडायचे. पहिल्या महायुद्धात निकेल दारूगोळ्यासाठी हवं झालं, कारागिरांचे हातही कमी पडू लागले. म्हणून 1916 मध्ये अशा पलटणींचे बिल्ले एकाच ठशात, निव्वळ पितळेचे निघाले. समोर पांढरा भाग नाही आणि पाठीवर डाकेचा मागमूस नाही, असा बिल्ला दिसला की ही काटकसर आठवावी. मात्र पांढरा भाग गळून पडलेला बिल्लाही पहिल्या नजरेला तसाच दिसतो. त्याच्या पाठीवर डाकेचे डाग किंवा भोकं राहतात, म्हणून भिंग हाताशी हवंच.

दुसऱ्या महायुद्धात टंचाई आणखी पुढे गेली. काडतुसांना पितळ लागत होतं, म्हणून 1942 च्या सुमारास बिल्ले चक्क प्लॅस्टिकचे झाले, कुठे तपकिरी तर कुठे रुपेरी करडे. पाठीला धातूच्या दोन पात्या, त्या टोपीच्या कापडातून आरपार घालून दुमडायच्या. काही बिल्ल्यांच्या मागे वॉल्सॉलच्या ए. स्टॅन्ले अँड सन्सचं नाव उमटलेलं सापडतं. शिपायांना हे बिल्ले फारसे रुचले नाहीत. संधी मिळताच ते जुने धातूचे लावत. त्या काळाची साक्ष म्हणून माझ्या लेखी मात्र हे हलकं प्लॅस्टिकच फार मोलाचं आहे.

हिंदुस्थानातली गोष्ट वेगळी. इथे बरेच बिल्ले स्थानिक ओतकामातून निघाले. हाताशी असलेला बिल्ला बारीक वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं पितळ ओतायचं. थंड होताना धातू आकसतो, त्यामुळे असा बिल्ला मूळच्यापेक्षा किंचित लहान भरतो. तो जाड असतो, अक्षरांच्या कडा बोथट होतात, पाठ खरबरीत राहते आणि जागोजागी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. मागच्या कड्या तारेच्या, हातानं डाकलेल्या. बर्मिंगहॅमचा सफाईदार माल पाहिलेला माणूस याला पटकन नकली म्हणून बाजूला सारतो. तो उतावळेपणा आहे. कित्येक शिपायांनी टोपीवर मिरवला तो असाच ओतीव बिल्ला.

काळ ठरवायला मुकुटाची मदत होते. 1901 नंतरच्या राजांच्या काळातला मुकुट घुमटासारखा गोल वर चढतो. भारतीय पलटणींच्या बिल्ल्यांवरून तो 1950 मध्ये, प्रजासत्ताक झाल्यावर, उतरला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. मराठा लाइट इन्फंट्रीला 1922 च्या फेररचनेत पाचवा क्रमांक मिळाला आणि 1945 मध्ये तो गेला. त्यामुळे ‘5’ हा आकडा कोरलेला असेल तर तो रेजिमेंटच्या त्या काळाकडे बोट दाखवतो.

यवत-शिरूरच्या आपल्या भागाशी सगळ्यांत जवळचं नातं सांगणारा बिल्ला महार रेजिमेंटचा. पहिल्या महायुद्धात 1917 साली उभी राहिलेली 111 महार पलटण 1921 मध्ये मोडण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात नव्या रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. 1946 मध्ये या रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंटचं रूप मिळालं. तेव्हाच्या बिल्ल्यावर दोन विकर्स मशीनगन एकमेकींवर आडव्या होत्या आणि सोबत कोरेगावचा स्तंभ होता. शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाच्या 1 जानेवारी 1818 च्या लढाईची आठवण सांगणारा, नदीपलीकडे पेरण्यात उभा असलेला तोच हा स्तंभ. त्यावरच्या 49 नावांत 22 महार शिपायांची आहेत. पुढे बिल्ल्यावरचा स्तंभ गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. म्हणजे स्तंभ असलेला अस्सल बिल्ला स्वातंत्र्याच्या आसपासच्या मोजक्या वर्षांतला. त्याच्या नकला मात्र पुढेही होत राहू शकतात. तेव्हा इथेही निकाल पाठच देते.

भांडगाव, यवत, केडगाव, तिकडे शिरूर, या पट्ट्यात कुणाच्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत असा बिल्ला निघाला, तर माझी एक कळकळीची विनंती आहे. तो चिंच-मीठ लावून घासू नका. घासल्यानं अक्षरांची धार जाते आणि डाकेच्या खुणाही पुसट होतात. मागची कडी सुटली असेल तर नवी डाकून घेऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून. आणि तो कुणाचा, त्यांचा फौजेतला नंबर काय, कोणत्या पलटणीत होते, हे घरातल्या जाणत्या माणसांना आजच विचारून कागदावर लिहून त्याच डबीत ठेवा.