पत्रकारितेचे एम.ए. : अर्ज भरण्यापूर्वी सभासदांनी ध्यानात घ्यावयाच्या काही गोष्टी



ऊस विकास विभागाच्या या पानावर आपण दर वेळी बेणे, खत आणि पाणी यांविषयी वाचता. या वेळचा विषय निराळा आहे. गेल्या हंगामात लागणीच्या नोंदीसाठी गट ऑफिसात आलेल्या काही सभासदांनी काम झाल्यावर खुर्ची पुढे ओढून हळूच विचारले, "साहेब, पोरगी पत्रकारितेचं एम.ए. करायचं म्हणते. हे काय असतं? आणि पुढं भाकरी मिळते का?" आम्ही पडलो शेतकी पदविकाधारक. पण आमच्याच एका गटातील सभासदांच्या कन्येने हे शिक्षण पुरे केले आणि तिचा पहिला अर्ज आमच्या ऑफिसातील संगणकावरच भरला गेला. त्यामुळे त्यातले खाचखळगे आम्ही जवळून पाहिले. तेवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, या एम.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. बी.ए.च पाहिजे असे नाही. बी.एस्सी. ॲग्री झालेलाही अर्ज करू शकतो, आणि आमच्या मते त्याने जरूर करावा. शेतीची बातमी लिहिणाऱ्याला लागण आणि खोडवा यांतला फरक कळत नसेल, तर वाचणाऱ्याची करमणूक होते, दुसरे काय? अभ्यासक्रम दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा असतो. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग आहे. तो 1964 सालचा. कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई व नागपूर येथील विद्यापीठांतही हे शिक्षण मिळते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात तर 1952 सालापासून पत्रकारिता शिकवली जात आहे. खासगी संस्थाही पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांची फी लाखांत जाते; विद्यापीठाच्या विभागाची फी त्या मानाने फार कमी.

येथे एक फरक नीट पाहावा. पदव्युत्तर पदविका निराळी आणि पदव्युत्तर पदवी निराळी. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था 1965 साली निघाली. तिचे नाव मोठे, पण वर्षानुवर्षे ती पदविकाच देत आली. 2024 साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यानंतर पदवीचा मार्ग खुला झाला. वृत्तपत्रात काम करायला पदविका पुरते. मात्र पुढे प्राध्यापक व्हायचे तर एम.ए.ला किमान 55 टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना 50) आणि नेट किंवा सेट पास असावे लागते. पदविका आणि पदवी यांत बढतीच्या वेळी किती अंतर पडते, हे आम्हाला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

आता त्या मुलीची हकिगत. पहिल्या वर्षी तिचा प्रवेश हुकला. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी-पीजी नावाची सामाईक परीक्षा आहे. 2024 आणि 2025 साली ती मार्चमध्ये झाली, म्हणजे अर्ज ऐन थंडीत भरावे लागले. त्या वेळी आपल्याकडे कारखाना भरात असतो. टोळी आली का, ट्रॉली मिळाली का, याच्यापुढे घरात कोणाला काही सुचत नाही. तो अर्ज राहूनच गेला. राज्यातील विद्यापीठांच्या जाहिराती साधारणपणे उन्हाळ्यात निघतात. तेथे तिने एकच अर्ज केला, तोही शेवटच्या दिवशी. प्रवेश परीक्षेत चालू घडामोडी, सामान्य ज्ञान आणि भाषा यांवर प्रश्न असतात. काही ठिकाणी लिहायला लावतात, मुलाखतही घेतात. मुलगी हुशार, बी.ए.ला पहिला वर्ग. पण घरी वर्तमानपत्र येत नव्हते आणि परीक्षेखेरीज तिने कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. यादीत नाव लागले नाही. वडील आम्हाला म्हणाले, "एक वर्ष गेलं म्हणजे एक खोडवा मोडल्यागत झालं."

ते वर्ष मात्र तिने वाया घालवले नाही. रोज दोन वर्तमानपत्रे वाचायची, एक मराठी, एक इंग्रजी. आणि आठवड्याला एक मजकूर लिहून कोठे तरी पाठवायचा, असा नेम तिने धरला. पहिले बरेच मजकूर परत आले किंवा आलेच नाहीत. पुढे एका स्थानिक पत्रात तिची बातमी छापून आली. विषय कोणता? रात्री रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आणि मागे न लावलेले रिफ्लेक्टर! कारखान्याचे नाव नव्हते, पण ओळखणाऱ्यांनी ओळखले. आम्हाला ते झोंबले, हे कबूल करतो. आठ दिवसांत शेतकी विभागाने वाहनमालकांना लाल कापडी पट्ट्या आणि रिफ्लेक्टर वाटले. ते काम आधीच व्हायला हवे होते. पुढच्या वर्षी मुलाखतीत तिला याच बातमीबद्दल विचारले, आणि प्रवेश मिळाला.

म्हणून सभासदांना आमचे सांगणे असे की, अर्ज भरण्याआधी एक वर्ष मुलामुलींना लिहायला लावा. टी.व्ही.वर दिसायची हौस आणि लिहायची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षभरात सवय लागली नाही, तर हा मार्ग त्याचा नव्हे, हे घरबसल्या कळेल. फी भरल्यानंतर कळण्यापेक्षा ते बरे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. पदवीच्या सर्व गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तेथे जात पडताळणी व नॉन-क्रीमी लेयर हे कागद आधीच काढून ठेवावेत. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र लागते. मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र मागतात. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर होतात. मुलींची फी माफ झाली असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. 2024 चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि उत्पन्नाच्या अटीवर आहे. एम.ए. त्यात बसते असे धरून चालू नये. विभागाच्या कचेरीत विचारूनच पैशाची जुळणी करावी. कारण फी भरायची असते जुलै-ऑगस्टात. त्या वेळी आपल्या हातात काय असते? आडसाली लागणीचा खर्च, खताची उधारी, आणि बिलातून आधीच कापून गेलेली सोसायटीची वसुली. उसाच्या बिलातील काही रक्कम हिवाळ्यातच बाजूला ठेवली, तर सावकाराची पायरी चढावी लागत नाही. पुण्यातली खोली आणि मेस यांचा खर्च फीपेक्षा जास्त होतो, हेही ध्यानात असू द्या.

काही मुले जनसंपर्क हा विषय घेतात. जनसंपर्क म्हणजे चेअरमनसाहेबांचा फोटो छापून आणणे, अशी आपल्याकडे समजूत आहे (आमचीही होती). 1906 साली अमेरिकेत पेनसिल्व्हानिया रेल्वेचा मोठा अपघात झाला. आयव्ही ली हे कंपनीचे सल्लागार होते. बातमी दाबण्याऐवजी त्यांनी स्वतःच पत्रक काढले आणि बातमीदारांना अपघाताच्या जागी नेले. या विद्येच्या इतिहासात हे उदाहरण आवर्जून सांगतात. मिल बंद पडून नंबर पुढे गेला, तर ते सभासदाला चहाच्या टपरीवर कळण्याआधी कारखान्याने सांगावे, हा त्यातला आपल्यापुरता अर्थ. राज्य शासनाचे जिल्हा माहिती अधिकारीही याच क्षेत्रातले. ती पदे लोकसेवा आयोगामार्फत भरतात.

भाकरीचे म्हणाल तर खरे सांगतो. जिल्ह्याच्या पत्रातला सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो आणि रात्रपाळी सुटत नाही. पाचसहा वर्षे कळ काढावी लागते.

आणि प्रवेश मिळाला म्हणजे एम.ए. झाले असे नव्हे. खरी गळती चौथ्या सत्रात होते. उमेदवारीसाठी गेलेल्या मुलांना तेथेच काम मिळते, हातात चार पैसे येतात आणि प्रबंध अर्धवट राहतो. या मुलीलाही एका वाहिनीने बोलावले होते. वडिलांचा रात्री फोन आला, "साहेब, नोकरी मिळत्येय तर कागदाचं काय करायचंय?" आम्ही म्हटले, ऊस तोडून फडातच ठेवला तर वजन कोणाचे घटते? ती वाहिनीकडे गेली, पण तीन महिन्यांनी, प्रबंध देऊन.

प्रबंधाचा विषय होता साखर कारखान्यांची सभासद-पत्रके. प्रश्नावली घेऊन ती आपल्या दोन गटांत घरोघर फिरली. आम्ही मोठ्या आशेने विचारले, आमचे पान लोक वाचतात ना? ती म्हणाली, "काका, भावाचं पान वाचतात. तुमचं घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घेतात, आणि मोठा शब्द आला की पोर थांबतं." तेव्हापासून आम्ही 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' असे लिहिले की शेजारी जस्त, लोह अशी नावे देऊ लागलो.

त्या प्रबंधाची एक प्रत तिने कारखान्याच्या वाचनालयास दिली आहे. ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांनी मुलामुलींना घेऊन यावे आणि ती चाळून पाहावी. कागदपत्रांची यादी गट ऑफिसच्या फळ्यावर लावली आहे. अर्ज भरण्यास मदत लागल्यास दुपारी तीननंतर यावे. सकाळी आम्ही फडात असतो.