सत्य घटनेपासून चित्रपटापर्यंत : झोपडपट्टी फुटबॉल आणि ‘झुंड’

प्रस्तावना

ज्याच्या विजयाची कोणासही अपेक्षा नव्हती, अशा संघाने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला नमविल्याची कथा चित्रपटसृष्टीला नेहमीच आकर्षित करीत आली आहे. अशा कथेला आरंभ, संघर्ष आणि शेवट आयताच लाभलेला असतो. दुबळा संघ, कडक शिस्तीचा प्रशिक्षक, अंतर्गत कलह, सराव आणि अखेरच्या क्षणी होणारा गोल हा क्रम प्रेक्षकाला परिचित असतो व तरीही तो त्यात रमतो. मात्र सत्य घटना या क्रमाने घडत नाहीत. त्या अनेक वर्षे रेंगाळतात, अनेकांच्या हातून घडतात आणि पुष्कळदा कोणत्याही विजयावाचून पुढे चालू राहतात. म्हणूनच सत्य घटनेचे चित्रपटात रूपांतर करणाऱ्यास काय ठेवावे, काय वगळावे आणि कथा कोठे संपवावी हे ठरवावे लागते.

प्रस्तुत लेखात नागपूर येथील झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ आणि तिच्यावर आधारित, नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ (२०२२) हा हिंदी चित्रपट यांच्या आधारे या प्रक्रियेचा विचार केला आहे. या कथेच्या केंद्रस्थानी महाविद्यालयातील एक शिक्षक असल्यामुळे ती प्राध्यापकवर्गास विशेष जवळची वाटावी.

मूळ घटना

विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा शिक्षक होते. २००१ च्या सुमारास भर पावसात वस्तीतील काही मुले एक फुटकी बादली लाथाडत खेळत असल्याचे त्यांनी पाहिले. खेळात दंग असलेली ही मुले तेवढा वेळ तरी वाईट सवयींपासून दूर आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मुलांना चेंडू दिला आणि पुढे वस्त्यावस्त्यांतील संघांच्या स्पर्धा भरविल्या. या उपक्रमास ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असे रोखठोक नाव मिळाले. पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने तो देशाबाहेरही ओळखला जाऊ लागला. २०१६ मध्ये फिफाने या संस्थेस विविधता पुरस्कार देऊन गौरविले.

या कार्यास बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेची जोड मिळाली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे २००३ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत प्रत्येक बाजूस चार खेळाडू असतात. मैदान लहान असते आणि सात-सात मिनिटांच्या दोन डावांत सामना संपतो. अकरा खेळाडूंचा संघ आणि विस्तीर्ण मैदान ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठीच जणू ही रचना आहे. नागपूरच्या वस्त्यांतून पुढे आलेले खेळाडू भारतीय संघातून या स्पर्धेत खेळले. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी मालिकेत बारसे यांचे कार्य देशभरातील प्रेक्षकांसमोर आले आणि त्याच्या चित्रपटीय शक्यतांकडे लक्ष वेधले गेले.

या हकिगतीत ज्यावर चित्रपट संपवावा असा एखादा अंतिम सामना नाही. तिच्यात चषकापेक्षा माणसांचे बदललेले दैनंदिन जीवन महत्त्वाचे आहे. पटकथाकारापुढील पहिली अडचण हीच होती.

रूपांतरातील प्रमुख निर्णय

पहिला निर्णय नायकासंबंधीचा असतो. चित्रपटातील विजय बोराडे हा क्रीडा शिक्षक बारसे यांच्यावर बेतलेला आहे व ती भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे. नावात केलेला अल्पसा बदल हा प्रेक्षकाशी केलेला करारच म्हणावा लागेल : ही व्यक्ती खरी आहे, परंतु पडद्यावरील प्रत्येक प्रसंग खरा आहे असे समजू नये. एवढा मोठा अभिनेता असताना संपूर्ण कथा ‘तारणहार गुरू’ची होण्याचा धोका होता. मंजुळे यांनी तो बराचसा टाळला आहे. पूर्वार्धात बोराडे मुलांना खेळण्यासाठी पैसे देऊ करतात. पैसे बंद झाल्यावरही मुलांना खेळावेसे वाटते, तेव्हा कथेचा भार हळूहळू मुलांकडे सरकतो. उत्तरार्धात तर अंकुश गेडाम यांनी साकारलेला ‘डॉन’ हा तरुण कथेचा खरा नायक ठरतो.

दुसरा निर्णय सामन्याच्या स्थानाचा. रूढ क्रीडापटात निर्णायक सामना अखेरीस येतो. ‘झुंड’मध्ये वस्तीचा संघ आणि महाविद्यालयाचा संघ यांच्यातील सामना पूर्वार्धातच उरकतो. सामना जिंकल्यानंतर प्रश्न संपत नाहीत, उलट तेव्हाच ते सुरू होतात. परदेशी जावयाचे तर पारपत्र हवे, पारपत्रासाठी ओळखीचा पुरावा हवा आणि ज्याच्या नावावर पोलिसांत नोंद आहे त्यास तेथेही अडवले जाते. रिंकू राजगुरू यांनी साकारलेली आदिवासी तरुणी आणि तिचे वडील आपण कोण आहोत याचा कागद मिळविण्यासाठी वणवण करतात, त्या प्रसंगांत चेंडू कोठेही नाही. तरीही दुर्बलाचा खरा प्रतिस्पर्धी कोण, हे तेथेच स्पष्ट होते. चित्रपटाचा शेवट विमानतळावरील सुरक्षा तपासणीच्या दाराशी होतो. परदेशातील स्पर्धेचा निकाल दाखविण्याची दिग्दर्शकास गरज वाटलेली नाही.

तिसरा निर्णय कलावंतांच्या निवडीचा. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ या चित्रपटांप्रमाणे येथेही मंजुळे यांनी अभिनयाचा पूर्वानुभव नसलेली अनेक मुले निवडली. नागपूरच्या वस्त्यांतील या मुलांचे चालणे, बसणे, शिवी देणे आणि नागपुरी वळणाची हिंदी यांमुळे चित्रपटास जी विश्वसनीयता लाभली, ती कसलेल्या नटांकडून मिळविणे कठीण होते.

चौथा निर्णय अवकाशाच्या मांडणीचा. महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामधील भिंत ही या चित्रपटातील मध्यवर्ती प्रतिमा आहे. एका बाजूस हिरवळ असलेले मैदान, दुसऱ्या बाजूस उकिरडा. मूळ घटनेतील अनेक वर्षांचा सामाजिक दुरावा चित्रपटकर्त्याने या एका भिंतीत साठविला आहे. सत्याचे संक्षेपण करूनही सत्य न गमावण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

तुलनेसाठी दोन उदाहरणे

अमित शर्मा दिग्दर्शित ‘मैदान’ (२०२४) हा चित्रपट हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर आधारित आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव पत्करणाऱ्या भारताने १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत दक्षिण कोरियास २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. महाराष्ट्राकडून खेळणारे फॉर्च्युनाटो फ्रँको हे त्या विजेत्या संघात होते. येथे इतिहासानेच अंतिम सामना पुरविला होता. रहीम यांचा कर्करोग आणि १९६३ मधील निधन यांमुळे करुण रसही आयता लाभला. चित्रपट साहजिकच त्या सामन्याकडे वाटचाल करतो.

दुसरे उदाहरण अमेरिकन सामोआ या बेटावरील संघाचे. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने या संघाचा ३१-० असा पराभव केला. २०११ मध्ये त्याच संघाने टोंगावर २-१ असा विजय मिळविला. या प्रवासावर २०१४ मध्ये ‘नेक्स्ट गोल विन्स’ हा अनुबोधपट निघाला व २०२३ मध्ये तायका वायतिती यांनी त्याच नावाचा कथापट केला. कथापटात बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाचे वैयक्तिक दुःख केंद्रस्थानी आले. ज्यांची कथा तेच तिच्या कडेला ढकलले जाण्याचा जो धोका ‘झुंड’पुढे होता, तोच येथेही दिसतो.

कथेवर हक्क कोणाचा?

सत्य घटना सर्वांची असते, असे आपण सहज म्हणतो. परंतु व्यवहारात हा प्रश्न बिकट आहे. नागपूरच्या एका खेळाडूच्या जीवनकथेचे हक्क आपण पूर्वीच घेतले आहेत, असा दावा करून हैदराबादच्या एका निर्मात्याने ‘झुंड’विरुद्ध न्यायालयात धाव घेतली. २०२० मध्ये तेलंगणातील न्यायालयाने प्रदर्शनास मनाई केली व सर्वोच्च न्यायालयानेही त्या वेळी हस्तक्षेप करण्यास नकार दिला. अखेर ४ मार्च २०२२ रोजी हा चित्रपट चित्रपटगृहांत आला. ‘मैदान’च्या प्रदर्शनाच्या तोंडावरही कथेवरील हक्काचा वाद म्हैसूरच्या न्यायालयात उपस्थित झाला होता.

याबाबत कायद्याची दोन सूत्रे ध्यानात घ्यावी लागतात. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कल्पना, विषय किंवा ऐतिहासिक तथ्य यांवर स्वामित्वहक्क नसतो, तो त्यांच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर असतो. आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य (१९९४) या निर्णयानुसार सार्वजनिक नोंदींत असलेली माहिती संमतीविना वापरता येते, मात्र त्यापलीकडचे खासगी जीवन मांडताना संमती आवश्यक ठरते. म्हणजेच घटना सर्वांची असली तरी तिच्यातील माणसाचे अंतरंग सर्वांचे नसते.

यात एक विषमता दडलेली आहे. नामवंत व्यक्तीजवळ वकील असतो. वस्तीतील तरुणास मात्र आपल्या आयुष्याची किंमत काय आणि आपण कोणत्या कागदावर सही करीत आहोत, हे सांगणारे कोणी नसते. दुर्बलांच्या विजयाची कथा सांगणाऱ्या व्यवसायात त्या दुर्बलांचाच हात सर्वांत कमकुवत असावा, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

पडदा पडल्यानंतर

कथापट तीन तासांत संपतो, जीवन संपत नाही. ‘झुंड’मध्ये भूमिका केलेल्या एका तरुणाची ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूर येथे हत्या झाली. पडद्यावर ज्या जीवनातून बाहेर पडण्याची वाट दाखविली, ती प्रत्येकास प्रत्यक्षात सापडतेच असे नाही, याची ही विषण्ण करणारी जाणीव होय. यासाठी चित्रपटास दोषी धरणे अन्यायाचे ठरेल. तथापि एका चित्रपटाने जे होत नाही, ते वर्षानुवर्षे दररोज संध्याकाळी मैदानावर उभ्या राहणाऱ्या माणसाकडून काही अंशी होऊ शकते, हेही तितकेच खरे. मूळ घटनेचे मोल चित्रपटापेक्षा निराळे आहे ते या अर्थाने.

निष्कर्ष

१. सत्य घटनेवरील क्रीडापटाचा कस तपशिलांच्या अचूकतेपेक्षा शेवट कोठे केला आहे यावर लागतो. ‘झुंड’ने विजय मध्यावर आणून कागदपत्रे व भिंत यांना खरा प्रतिस्पर्धी ठरविले.

२. मार्गदर्शकाची कथा सांगणे सोपे असते, कारण तो सुशिक्षित असतो व बोलू शकतो. चांगले रूपांतर त्याच्याकडून कथा काढून घेऊन खेळाडूंच्या हाती देते.

३. ज्यांच्या आयुष्यावर कथा उभी राहते, त्यांची समजून-उमजून दिलेली संमती ही केवळ कायदेशीर औपचारिकता नसून रूपांतराचाच एक भाग आहे.

समारोप

मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचमध्ये बसणाऱ्या, कोळीवाड्यांतून आणि प्रकल्पग्रस्त गावांतून आपल्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांजवळही सांगण्यासारख्या कथा आहेत. मुलाखती, प्रकल्प आणि लघुपट यांच्या निमित्ताने आपण त्या गोळा करतो. तेव्हा वरील तिसरा निष्कर्ष आपल्यालाही लागू होतो. विद्यार्थ्याची हकिगत घेताना ती कोणाच्या नावे व कशासाठी वापरली जाणार, हे त्याला आधी सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. नागपूरच्या त्या शिक्षकाने पावसात खेळणाऱ्या मुलांना चेंडू दिला, तेव्हा त्यांच्यासमोर ना पटकथा होती ना कॅमेरा. महाविद्यालयाच्या मैदानास कुंपण असते व ते असावेही. परंतु त्याच्या फाटकाची किल्ली ज्यांच्या हाती आहे, त्यांनी अधूनमधून पलीकडे पाहावे, एवढे तरी या कथेतून आपण घेण्यासारखे आहे.