200 तासांनंतरचा प्रश्न

भारताला हजारो वैमानिक लागणार आहेत, हे गेली काही वर्षे प्रत्येक करिअर मेळाव्यात सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानांची मागणी नोंदवली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने एकदम 500 विमानांची, आणि जानेवारी 2024 मध्ये अकासाने 150 विमानांची. विमान दिवसभर आणि बरेचदा रात्रीही उडत असते, वैमानिकाला मात्र ठरलेल्या तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. त्यामुळे एकेका विमानामागे वैमानिकांच्या अनेक जोड्या ठेवाव्या लागतात. हा हिशेब पाहिला तर परवाना मिळाला की नोकरी ठरलेलीच, असे कुणालाही वाटेल. तरीही याच काळात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, हाती असलेली अनेक मुले-मुली कंपन्यांच्या भरतीच्या जाहिरातींची वाट पाहत घरी बसली आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण तुटवडा आहे तो अनुभवी कमांडरचा. 200 तास उडून आलेल्या नवशिक्याला कमांडरच्या खुर्चीपर्यंत नेणारी वाट लांब आणि महाग आहे, आणि तिच्यावरची जवळजवळ सगळी जोखीम आपल्याकडे विद्यार्थ्याच्या घरावर टाकलेली आहे. विमान कंपनीच्या प्रशिक्षण योजनेत कॅडेट म्हणून निवड झाली, याचा आनंद जरूर व्हावा. पण ती नोकरी नव्हे, हे पैसे भरण्याआधी समजलेले बरे.

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर प्रवासी अडकून पडले, तेव्हा देशात वैमानिकच नाहीत अशी चर्चा सुरू झाली. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम 1 नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली होती आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा 6 वरून 2 वर आली होती. कंपनीचे नियोजन त्याला पुरे पडले नाही. पण त्या गोंधळात बाहेर आलेले आकडे नीट वाचण्यासारखे आहेत. एअरबस ताफ्यासाठी कंपनीला 2,422 कॅप्टन, म्हणजे कमांडर, हवे होते आणि होते 2,357. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, हवे होते 2,153 आणि होते 2,194. ज्या आठवड्यात वैमानिक कमी पडले म्हणून देश खोळंबला, त्या आठवड्यातही त्या ताफ्यात को-पायलट गरजेपेक्षा थोडे जास्तच होते. परदेशी वैमानिकांना तात्पुरती परवानगी देऊन आणण्याची सोय आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे, तीही प्रामुख्याने कमांडरसाठी. एअरलाइन ट्रान्स्पोर्ट पायलटचा परवाना मिळवायला किमान 1,500 तास लागतात, आणि डाव्या, म्हणजे कमांडरच्या, खुर्चीत बसवताना कंपन्या बहुधा त्याहून अधिक अनुभव मागतात. आज को-पायलट झालेला तरुण तिथे पोचायला काही वर्षे जातात.

आता निवडीकडे येऊ. कॅडेट योजनेची पात्रता वरवर साधी असते: वय, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, इंग्रजी. वाणिज्य किंवा कला शाखेची मुले हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देतात. मग लेखी परीक्षा, संगणकावरची क्षमता चाचणी, गटचर्चा, मुलाखत आणि क्लास 1 मेडिकल. यातली क्षमता चाचणी अनेकांना अनपेक्षित असते. पडद्यावर सतत सरकणारी फुली जॉयस्टिकने मध्यावर धरून ठेवायची, हेडफोनमधून येणाऱ्या आकड्यांतले ठरावीक आकडे ओळखून बटण दाबायचे आणि मधूनच समोर येणारे तोंडी गणित सोडवायचे, हे सगळे एकाच वेळी. यात पाठांतर उपयोगी पडत नाही. कामाचा ताण वाढला की उमेदवार कोणते काम आधी सोडतो आणि सोडलेल्या कामाकडे पुन्हा वळतो की नाही, हे त्यात दिसते. कॉकपिटमध्ये नेमके हेच लागते, म्हणून ही चाचणी मला योग्य वाटते, आणि मोठी रक्कम भरून स्वतंत्रपणे प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्यानेही ती आधी द्यावी असे वाटते. मेडिकलचेही तसेच. रंग ओळखण्यातला दोष, हृदयाच्या आलेखातली गडबड किंवा ऐकण्यातली उणीव रोजच्या जगण्यात कधी जाणवत नाही. क्लास 1 च्या तपासणीत ती सापडते आणि वाट तिथेच बंद होऊ शकते. फीचा पहिला हप्ता गेल्यावर हे कळणे फार क्रूर आहे.

निवडीनंतर पैशांचा प्रश्न येतो. भारतात सीपीएलचे प्रशिक्षण घ्यायला साधारण 40 ते 60 लाख रुपये लागतात, एखाद्या विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेचे, म्हणजे टाइप रेटिंगचे, त्यावर आणखी 15 ते 25 लाख. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत परदेशातले प्रशिक्षण धरून हा आकडा कोटीच्या घरात किंवा पुढे जातो. 1 कोटीचे कर्ज 10 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 1 लाख 32 हजार रुपये येतो. नोकरी एक वर्ष लांबली तर नुसते व्याजच 10 लाखांच्या आसपास साठते. आणि लांबणे हे इथे नेहमीचेच आहे. सीपीएलसाठी नियमाप्रमाणे उड्डाणाचे 200 तास हवेत. त्यातले 100 तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, किमान 300 सागरी मैलांचा एक दूरचा प्रवास वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, शिवाय रात्रीचे उड्डाण. शिकाऊ विद्यार्थ्याला यातले बहुतेक तास स्वच्छ हवामानात, डोळ्यांना जमीन दिसत असतानाच करावे लागतात. विदर्भात पावसाळ्याचे ढग खाली उतरले की तिथली शिकाऊ मुले दिवसचे दिवस हँगरपाशी बसून राहतात. त्यातच विमान दुरुस्तीला गेले, प्रशिक्षक नोकरी सोडून गेला, तर दीड वर्षाचा अभ्यासक्रम सहज अडीच वर्षांवर जातो. हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ऑक्टोबर 2025 मध्ये प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली, तेव्हा ए प्लस आणि ए या वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था नव्हती. त्याआधी दोन वर्षे, ऑक्टोबर 2023 मध्ये, बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने कोसळली होती. संस्था निवडताना पालक फी आणि वसतिगृह पाहतात. पाहायला हवे ते संस्थेत चालू स्थितीत किती विमाने आहेत आणि मागच्या तुकडीने 200 तास प्रत्यक्षात किती महिन्यांत पूर्ण केले.

परवाना मिळाला तरी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये लगेच जागा मिळत नाही. टाइप रेटिंग सिम्युलेटरवर होते, त्यानंतर प्रत्यक्ष विमानावर लँडिंगचा सराव होतो, आणि मग प्रवाशांसह उड्डाणे करताना शेजारी प्रशिक्षक कॅप्टन बसावा लागतो. असे कॅप्टन मोजके, आणि एका वेळी प्रत्येकाकडे एकच शिकाऊ. वरून कितीही परवानाधारक ओतले तरी नरसाळ्याच्या तोंडातून जातील तेवढेच जाणार. डीजीसीएने 2022 मध्ये 1,165 सीपीएल दिले, 2023 मध्ये 1,622. विमानांची आवक मात्र तशी वाढली नाही. इंजिनांतल्या दोषामुळे इंडिगोची कित्येक विमाने जमिनीवर राहिली, बोइंगची विमाने उशिरा येत गेली, आणि अकासात भरती झालेल्या वैमानिकांनाही महिनोन् महिने विमानाची वाट पाहावी लागली. याआधी एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली, 2020 मध्ये कोविड आला, मे 2023 मध्ये गो फर्स्टने उड्डाणे थांबवली. दर वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवशिके रांगेत मागे ढकलले गेले. थांबण्यालाही पैसे पडतात. मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, यांचे नूतनीकरण करत राहावे लागते, आणि त्यासाठी पुन्हा विमान भाड्याने घेऊन उडावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा की कॅडेट योजनेत कंपनीचे नोकरीचे हमीपत्र मिळते, ते स्वतंत्र विद्यार्थ्याला मिळत नाही. फरक आहे, हे मान्य. रांगेत पुढे उभे राहायला मिळते आणि प्रशिक्षणाची शिस्तही बरीच चांगली असते. पण ही पत्रे बहुधा सशर्त असतात: सगळ्या परीक्षा ठरलेल्या प्रयत्नांत पास झाल्या तर, मेडिकल टिकले तर, आणि कंपनीला त्या वेळी गरज असेल तर. पहिल्या दोन अटी विद्यार्थ्याच्या कष्टांवर आणि प्रकृतीवर आहेत. तिसरी पूर्णपणे कंपनीच्या हातात आहे, तरी तिचा भुर्दंड विद्यार्थीच भरतो. दुसरा आक्षेप पगाराचा. कमांडरचा पगार इतका असतो की कर्ज फिटतेच, असे म्हणतात. कमांडर झालेल्याचे फिटते, खरे आहे. पण जो वाटेत अडकला त्याचे घर या हिशेबात धरलेलेच नसते. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अशा लिखाणाने मध्यमवर्गीय मुले, विशेषतः लहान गावांतली, या व्यवसायापासून दूर जातील. मला उलटे वाटते. त्यांना दूर ठेवते ती तारण मागणारी कोटीची फी, आणि गहाण टाकायला शेत किंवा फ्लॅट नसेल तर कितीही गुण मिळवून उपयोग नाही ही आजची स्थिती.

ब्रिटिश एअरवेजने 2023 मध्ये सुरू केलेल्या स्पीडबर्ड पायलट अकॅडमीत निवडलेल्या उमेदवाराच्या प्रशिक्षणाचा सुमारे 1 लाख पौंडांचा खर्च कंपनी उचलते. स्वतःचे पैसे गुंतलेले असले की कंपनी गरजेपेक्षा जास्त मुले घेत नाही आणि घेतलेल्यांना रिकामे बसवत नाही. आपल्या कंपन्या म्हणतील, शिकवून तयार केलेला वैमानिक दुसऱ्या कंपनीने पळवला तर काय? त्यासाठी सेवाबंध आहे. शिवाय 2017 पासून डीजीसीएच्या नियमानुसार कमांडरला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावीच लागते. वैमानिक बांधून ठेवायला कंपन्यांकडे साधने आहेत. विद्यार्थ्याकडे तेवढ्याच ताकदीचे एकही नाही. निदान अर्धा खर्च कंपनीने उचलावा आणि तो पहिल्या काही वर्षांच्या पगारातून वळता करावा. परवान्यानंतर ठरलेल्या मुदतीत रुजू करून घेतले नाही तर व्याज कंपनीने भरावे. एवढे झाले तरी चित्र बदलेल. महाराष्ट्राला हे मागण्याचा खास हक्क आहे. अमरावतीजवळच्या बेलोऱ्यात एअर इंडियाला राज्याच्या विमानतळ विकास कंपनीने 10 एकर जागा 30 वर्षांसाठी दिली आहे, 34 शिकाऊ विमाने मागवलेली आहेत आणि वर्षाला 180 वैमानिक घडवण्याचा संकल्प आहे. जमीन सार्वजनिक असेल, तर तिथे शिकण्याच्या काही जागा तारणाशिवाय मिळाव्यात, ही मागणी विदर्भातल्या आमदारांनी विधानसभेत लावून धरावी.

तोपर्यंत ज्यांच्या घरी हा निर्णय व्हायचा आहे, त्यांनी आधी क्लास 2 आणि लगोलग क्लास 1 मेडिकल करून घ्यावे. संस्थेकडून मागच्या दोन तुकड्यांचे तास आणि महिने लेखी मागावेत. हमीपत्र वकिलाला दाखवावे आणि त्यातली ‘कंपनीला गरज असल्यास’ ही ओळ शोधावी. ती ओळ काढायला कंपनी तयार नसेल, तर परवान्यानंतर दोन वर्षे नोकरी नाही असे धरून कर्जाचा हिशेब मांडावा, आणि तो झेपत असेल तरच सही करावी.