तरटावर शिवलेले दुःख

घरातले माणूस गेले की अंत्यविधी होतो, दहावा-तेरावा होतो, लोक भेटायला येतात. हळूहळू घर सावरते. पण माणूस नाहीसाच झाला तर? तो आहे की गेला, हेच कळत नसेल तर रडायचे तरी कधी?

चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशे यांच्या लष्कराने सत्ता बळकावली. १९९० पर्यंतच्या राजवटीत ३ हजारांहून अधिक लोक मारले गेले किंवा बेपत्ता झाले. त्यांच्या आया, बायका, बहिणी राजधानी सांतियागोमधले तुरुंग आणि शवागारे पालथी घालत राहिल्या. चर्चच्या आधाराने १९७४ पासून त्या एकत्र बसून शिवू लागल्या.

पोत्याच्या तरटावर चिंध्या जोडून केलेल्या या चित्रांना ‘आर्पियेरा’ म्हणतात. मागे आन्देस पर्वत, पुढे फोटो धरलेल्या बायका आणि प्रश्न: ‘ते कुठे आहेत?’ काहींनी बेपत्ता माणसाच्याच कपड्यांचे तुकडे त्यात शिवले. ही चित्रे लपूनछपून परदेशी गेली. त्यांच्या विक्रीतून घरची चूल पेटली आणि आतली बातमीही जगाला कळली.

अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाला ‘संदिग्ध वियोग’ म्हटले आहे. यात आशा आणि शोक यांच्यामध्ये मन हेलकावे खाते. चिंता, निद्रानाश, अपराधीपणाची भावना मागे लागते. हा मनाचा कमकुवतपणा नाही. परिस्थितीच तशी असते. ‘तो असेल’ आणि ‘तो नसेल’ हे दोन्ही विचार एकाच वेळी मनात बाळगून जगायला शिकणे, आणि तेच भोगणाऱ्यांची सोबत मिळणे, यावर त्या भर देतात. शिवणाऱ्या बायकांना ती सोबत मिळाली. हातांना काम आणि बोलायला जागाही मिळाली.

मात्र सुई-दोरा हा उत्तराला पर्याय नाही. २०२३ मध्ये चिली सरकारने बेपत्तांच्या शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली, तेव्हाही हजाराहून अधिक जणांचा पत्ता लागलेला नव्हता.

पुरात, समुद्रात किंवा प्रवासात माणूस हरवलेली कुटुंबे आपल्या आसपासही असतात. त्यांना ‘आता विसरा’ असे सांगू नये. हरवलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याच्याविषयी विचारावे आणि ऐकून घ्यावे. झोप, भूक किंवा रोजचे व्यवहार बिघडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.